शाळेचा उंबरठा आणि वयाचा हिशेब

(प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलाने कितव्या वर्षी शाळेत जावे आणि त्या वयाचा त्याच्या अभ्यासातील प्रगतीवर काय परिणाम होतो, या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले. मी शिक्षणशास्त्राचा माणूस नव्हे. माझी सारी वर्षे अर्थशास्त्र शिकविण्यात गेली. तथापि हा विषय अर्थशास्त्राच्या शिवेवरच उभा आहे असे मला वाटते. काळाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही, हा आमच्या शास्त्रातील अगदी प्रारंभीचा धडा आहे. सुखवस्तू घरातील मुलाचे एक वर्ष आणि शेतमजुराच्या मुलाचे एक वर्ष ही दोन्ही दिनदर्शिकेत सारखीच भरतात. त्या वर्षात मुलाच्या पदरात काय पडते हे मात्र सारखे नसते. शाळाप्रवेशाच्या वयाचा प्रश्न हा अखेर या विषमतेचा प्रश्न आहे, एवढेच आज मला मांडावयाचे आहे.

एक जूनची पिढी

आपल्याकडे साठी ओलांडलेल्या माणसांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून पाहा. त्यांत १ जून ही जन्मतारीख इतक्या जणांची सापडेल की, महाराष्ट्रातील निम्मी माणसे एकाच दिवशी जन्माला आली की काय अशी शंका यावी. याचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. बाप मुलाला घेऊन शाळेत येई. जन्माची नोंद कोठे केलेली नसे. ‘मोठ्या पुराच्या साली झाला’, ‘थोरलीच्या पाठचा’ असे काहीतरी सांगितले जाई. मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यावयास सांगत. बोटे डाव्या कानाला लागली की मुलगा शाळेत बसण्याजोगा झाला असे ठरे आणि रजिस्टरात जूनची पहिली तारीख पडे. पुढे नोकरीत वर्ष-दोन वर्षे अधिक मिळावीत म्हणून वय थोडे कमी लावण्याचा शहाणपणाही काही गुरुजी दाखवीत.

आज हे चित्र पुष्कळ बदलले आहे. जन्मनोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ साली झाला आणि हळूहळू तारीख पक्की होत गेली. आता प्रवेशाचा अर्ज संगणकावर भरला जातो आणि एका दिवसाच्या फरकाने तो स्वीकारला किंवा नाकारला जातो. गुरुजींचा अंदाज गेला आणि सरकारी रेषा आली. ही रेषा कोठे ओढावी यावर वर्तमानपत्रांतून वाद झडतात, पालक न्यायालयात जातात. केंद्रीय विद्यालयांनी २०२२ साली पहिलीचे किमान वय पाचावरून सहावर नेले, तेव्हा तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने विद्यालयांचाच निर्णय कायम राहू दिला. रेषेविषयी एवढी जागरूकता असणे चांगलेच आहे. परंतु रेषेच्या अलीकडे जी वर्षे जातात त्यांविषयी तेवढी जागरूकता दिसत नाही.

खालचे टोक कसे तुटले

थोडे मागे वळून पाहू. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली. १९११ साली नामदार गोखले यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. ते सहा ते दहा या वयातील मुलांपुरते मर्यादित होते, आणि तेवढेही त्या वेळच्या कायदेमंडळाला पेलले नाही. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मूल शाळेत कधी आले यापेक्षा ते शाळेत किती टिकते, याची चिंता त्या पिढीला अधिक होती. तिला तसे कारणही होते. १९२९ च्या हारटोग समितीने दाखवून दिले की, १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत अवघी १८ उरली होती.

आपल्या राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने मूळ स्वरूपात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, तेव्हाही खालची मर्यादा घातली नाही. ती आली २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने. शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, परंतु तो सहा ते चौदा या वयोगटापुरता. सहा वर्षांखालील मुलांचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला गेला. म्हणजे शासनाने प्रयत्न करावा, पण तो न केल्यास न्यायालयात दाद मागता येऊ नये. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही याच चौकटीत बसविला गेला. तीन ते सहा या वयातील मुलांसाठी शासन शिक्षणाची व्यवस्था करू शकेल, एवढेच तो म्हणतो. हक्काची बातमी मोठ्या अक्षरांत छापली गेली; कापलेल्या सहा वर्षांची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

सहा म्हणजे नेमके किती?

आता आपल्या राज्याचा नियम पाहू. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुलाला सहा वर्षे पूर्ण झालेली असावीत, असा हा नियम आहे. शाळा मात्र जूनच्या मध्यास सुरू होते. म्हणजे ३१ डिसेंबरला सहावे वर्ष पुरे करणारे मूल वर्गात प्रथम बसते तेव्हा साडेपाच वर्षांचे असते. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतील ज्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवलेल्या आहेत, त्यांच्या पहिलीच्या प्रवेशासाठी २०२५-२६ साली १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ या काळात जन्मलेली मुले पात्र होती. त्या जूनमध्ये यांतील सर्वांत थोरले मूल सात वर्षांचे होत आले होते आणि सर्वांत धाकटे साडेपाच वर्षांचे होते. एकाच बाकावर दीड वर्षाचे अंतर बसविता येते, आणि तेही नियमानुसार.

चाळिशीच्या दोन माणसांत दीड वर्षाचे अंतर असले तर त्याचे कोणाला काही वाटत नाही. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दीड वर्ष म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक काळ होय. बोटांची पकड, एका जागी बसण्याची ताकद, शब्दांचा साठा, लघवीला जायचे आहे हे बाईंना न लाजता सांगण्याचे धैर्य, या सर्वांत हे अंतर दिसते. आपण मात्र दोघांनाही एकच पाटी देतो, एकच धडा देतो, आणि सहा महिन्यांनी एकाला हुशार व दुसऱ्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो.

ग्रामीण भारतात तर हे अंतर याहून मोठे आहे. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या शैक्षणिक पाहणीने २०१९ साली २४ राज्यांतील २६ जिल्ह्यांत लहान मुलांचा अभ्यास केला. पहिलीत बसलेल्या मुलांत सहा वर्षांची मुले ४२ टक्क्यांच्या आसपास होती. सुमारे २२ टक्के मुले चार-पाच वर्षांची आणि सुमारे ३६ टक्के सात-आठ वर्षांची होती. वाचन-गणनेच्या साध्या कामांत वयाने मोठी मुले पुढे होती, हेही त्या पाहणीत दिसले.

संशोधन काय सांगते

या विषयावर गेल्या काही दशकांत अर्थशास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. त्यांची पद्धत समजावयास सोपी आहे. मूल रेषेच्या अलीकडे जन्मावे की पलीकडे, हे सहसा कोणी ठरवीत नाही. म्हणून रेषेच्या दोन्ही बाजूंना काही दिवसांच्या फरकाने जन्मलेल्या मुलांची तुलना केली की, घरची परिस्थिती वगैरे गोष्टी सरासरीने सारख्या राहतात आणि वयाचा परिणाम वेगळा काढता येतो.

बेडार्ड आणि ड्यूई या दोन अर्थशास्त्रज्ञ महिलांनी २००६ साली अनेक औद्योगिक देशांतील मुलांच्या गणित व विज्ञान या विषयांतील गुणांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. गुणानुक्रमे शंभर मुलांची रांग लावली, तर चौथीच्या सुमारास वर्गातील सर्वांत धाकटी मुले सर्वांत थोरल्यांपेक्षा ४ ते १२ जागा मागे होती, आणि आठवीच्या सुमारासही २ ते ९ जागा मागे होती. म्हणजे अंतर कमी होते, पण पुसले जात नाही. धाकटेपणाचा आणखी एक दंड आहे. अमेरिकेतील सुमारे चार लाख मुलांच्या नोंदींवरून २०१८ साली असे दिसले की, जेथे १ सप्टेंबर ही प्रवेशाची रेषा आहे तेथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत धाकट्या असलेल्या मुलांवर चंचलतेच्या विकाराचा शिक्का सप्टेंबरात जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के अधिक प्रमाणात बसला होता. वर्गातील धाकटेपणाला रोगाचे नाव मिळावे, ही गोष्ट शिक्षकांनी व डॉक्टरांनी मनावर घेण्याजोगी आहे.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग सर्वांनाच एक वर्ष उशिरा घाला. येथेच थोडे थांबून विचार केला पाहिजे. पहिली गोष्ट अशी की, रेषा कोठेही ओढली तरी वर्गात कोणीतरी सर्वांत धाकटे राहणारच. रांगेत एकाने टाचा उंचावल्या तर त्याला पुढचे दिसते. सर्वांनी उंचावल्या तर पाय तेवढे दुखतात. दुसरी गोष्ट नॉर्वेतील अभ्यासाने दाखविली. तेथे सैन्यभरतीच्या निमित्ताने अठराव्या वर्षाच्या सुमारास तरुणांची बुद्धिचाचणी होते; कोण शाळेत कधी गेला याच्याशी चाचणीच्या दिवसाचा संबंध नसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, गुणांवर मोठा परिणाम होतो तो चाचणीच्या दिवशी असलेल्या वयाचा. शाळेत उशिरा जाण्याचा स्वतंत्र फायदा दिसत नाही, झालाच तर लवकर जाणाऱ्यांना किंचित लाभ दिसतो. थोडक्यात, चौथीतील थोरला मुलगा पुढे दिसतो त्यातील मोठा भाग हा तो परीक्षेच्या दिवशी थोरला असतो याचाच आहे.

तिसरा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एल्डर आणि लुबोत्स्की यांनी २००९ साली अमेरिकेतील बालवर्गांचा अभ्यास मांडला. थोरल्या मुलांची आघाडी शाळा सुरू होताच, म्हणजे शाळेने काही शिकविण्यापूर्वीच दिसत होती. आणि ती आघाडी श्रीमंत घरांतील मुलांत बरीच मोठी व अधिक टिकाऊ होती, गरीब घरांत लहान होती. याचा अर्थ उघड आहे. शाळेबाहेर घालविलेल्या जादा वर्षात श्रीमंत घरातील मुलाला पुस्तके, गोष्टी, खेळणी आणि बोलणारी मोठी माणसे मिळाली. गरीब घरातील मुलाला ती मिळाली नाहीत. वर्ष तेच, पण एकाच्या खात्यात ते जमा झाले आणि दुसऱ्याच्या खात्यात नुसते खर्ची पडले.

एकाचे भांडवल, दुसऱ्याचे कर्ज

हा निष्कर्ष अमेरिकेचा म्हणून बाजूला ठेवू नका. तो आपल्या गावात आणून पाहा. शहरातील मध्यमवर्गीय घरातील मूल तिसऱ्या वर्षी नर्सरीत जाते, मग छोटा शिशू, मग मोठा शिशू. पहिलीत येते तेव्हा त्याच्यामागे तीन वर्षांची शाळा असते. सहा वर्षांची अट त्याला जाचत नाही, कारण त्याच्या बापाने त्या तीन वर्षांची फी भरलेली असते. वाडीवरच्या किंवा झोपडपट्टीतील मुलासाठी तीच अट म्हणजे शाळेविना काढावयाचे आणखी एक वर्ष होय, जर तेथील अंगणवाडी पोषण आहार वाटण्यापुरतीच उघडत असेल तर. एकच कायदेशीर वय दोघांना लावून आपण समता आणली असे मानणे ही स्वतःची समजूत घालणे आहे.

याची दुसरी बाजू अधिक विदारक आहे. सुखवस्तू वर्गात थोरला असणारा मुलगा पुढे जातो. गरीब वर्गात थोरला असणारा मुलगा शाळेतून बाहेर जातो. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; ती फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता फडात जातो आणि मुले कोपीवर राहतात. सहा वर्षांच्या मुलाचे नाव जूनमध्ये पटावर चढते आणि पाच महिन्यांत ते मूल कारखान्याच्या गावी असते. परत येते तेव्हा वर्ष संपलेले असते. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा हे यावरचे चांगले उपाय निघाले. परंतु ते सर्वांपर्यंत पोहोचत नाहीत. असे एक-दोन हंगाम गेले की, आठ-नऊ वर्षांचे मूल अक्षरओळखीपाशीच अडखळते. त्याच्या वयाची आघाडी कोठे गेली?

आमच्या शास्त्रात ज्याला संधीचा खर्च म्हणतात तो येथे वयाबरोबर वाढत जातो. सहा वर्षांचे मूल शाळेत बसले तर घराचे विशेष नुकसान होत नाही. दहा वर्षांची मुलगी शाळेत बसली तर धाकट्याला सांभाळणारे कोणी उरत नाही. बारा वर्षांचा मुलगा वाढे बांधू शकतो, गुरे राखू शकतो; त्याच्या बसण्याची किंमत घराला रोज मोजावी लागते. म्हणून गरिबाचे मूल जितके उशिरा शाळेत येते, तितक्या खालच्या इयत्तेत त्याच्या श्रमाची बोली सुरू होते. सहाव्या वर्षी पहिलीत आलेली मुलगी आठवी पुरी करते तेव्हा चौदा वर्षांची असते. आठव्या वर्षी आलेली सोळा वर्षांची असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के आणि बीड जिल्ह्यात सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. तेथील मुलीच्या आयुष्यात पहिलीला झालेला दोन वर्षांचा उशीर कोठे जाऊन वसूल होतो, हे वेगळे सांगावयास नको.

कोसबाडची वाट

यावर उपाय काय, हे शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर वाहिले. वारल्यांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच, येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो. त्यामागे हा विचार आहे. थोरली मुले गुरे राखतात म्हणून शाळेला मुकतात असे दिसले, तेव्हा कुरणावरच शाळा भरविली; तिला कुरणशाळा म्हणत. खालच्या टोकाला अंगणवाडी आणि उशिरा येणाऱ्यांसाठी कुरणशाळा, अशी दोन्ही टोके त्या एका प्रयोगाने सांभाळली होती. कोल्हापूरच्या मातीतले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हेदेखील हेच वेगळ्या शब्दांत सांगत असत: शाळेला एकच दार आणि तेही एकाच वयात उघडणारे असू नये; उशिरा येणाऱ्या, काम करणाऱ्या मुलांना आत येण्याची अनेक दारे हवीत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. परंतु ज्या बाईवर हे सारे उभे आहे तिला अजून पगार मिळत नाही. तिला मानधन मिळते. लसीकरण, वजन, गरोदर मातांची नोंद, आहारवाटप, मोबाइलवर माहिती भरणे, सर्वेक्षणे, आणि या सगळ्यातून वेळ उरलाच तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण. डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस जवळजवळ दोन महिने संपावर होत्या. त्या संपाच्या बातम्यांत ‘पोषण आहार बंद’ असे सर्वांनी छापले. ‘लाखो मुलांची शाळा बंद’ असे म्हणावे, हे फारसे कोणाला सुचले नाही. समाज अंगणवाडीकडे शाळा म्हणून पाहत नाही, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे पायाभूत टप्पा म्हणून एकत्र बांधली. विचार म्हणून हे योग्यच आहे. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. या पाच वर्षांतील पहिली तीन वर्षे आजही हक्काच्या बाहेर आणि शेवटची दोन आत, अशी अवस्था आहे. फिनलंडमध्ये मुले सातव्या वर्षी शाळेत जातात हे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. त्याच देशाने १९९६ पासून शाळेच्या वयाखालील प्रत्येक मुलाला शिशुसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क दिला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. त्यांचे सातवे वर्ष घ्यावयाचे आणि त्याआधीची जबाबदारी सोडावयाची, हे सोयीचे अनुकरण झाले.

पैसा कोठून आणावयाचा, असा आक्षेप येथे निघतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करण्याचे लक्ष्य कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ एकच आकडा लिहावा लागतो, याचा अर्थ तो आकडा चुकीचा आहे असा नसून तो कोणी मनावर घेतलेला नाही असा आहे. शिवाय पुढे नापास होणारी, गळणारी, पुन्हा शिकवावी लागणारी मुले हाही खर्चच असतो. तो फक्त अंदाजपत्रकात वेगळ्या नावाने दिसत नाही.

आपल्या हातातले

मग मागावयाचे काय आणि करावयाचे काय? तीन ते सहा या वयातील शिक्षण हा मूलभूत हक्क झाला पाहिजे, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. त्याशिवाय प्रवेशवय वर नेण्याचा कोणताही निर्णय गरिबांच्या मुलांना मागे ढकलणाराच ठरेल. अंगणवाडी सेविकेला शिक्षिका म्हणून प्रशिक्षण, शिक्षिका म्हणून वेळ आणि शिक्षिका म्हणून वेतन मिळाले पाहिजे. उशिरा येणाऱ्या मुलांसाठी शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमात चांगली तरतूद आहे: मुलाला वयाप्रमाणे इयत्तेत घ्यावे, त्याला बरोबरीने आणण्यासाठी विशेष शिकवावे, आणि चौदा वर्षे उलटून गेली तरी आठवी पुरी होईपर्यंत त्याचे शिक्षण मोफत राहावे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे चौदावे कलम सांगते. ही कलमे कागदावरून वर्गात आणण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी उद्यापासून करण्याजोगे एक काम मी सुचवितो. हजेरीपटावर नावे आडनावांच्या क्रमाने लिहिलेली असतात. एकदा ती जन्मतारखेच्या क्रमाने लिहून काढा. पुढे दोन खुणा करा: हे मूल किती दिवस अंगणवाडीत किंवा बालवाडीत खरोखर शिकले, आणि गेल्या वर्षी किती महिने गावाबाहेर होते. मग ज्यांना आपण मनातल्या मनात ‘ढ’ ठरविले आहे ती नावे त्या यादीत कोठे पडतात ते पाहा. पुष्कळशी नावे यादीच्या तळाशी, म्हणजे धाकट्यांत सापडतील. उरलेल्यांतील बहुतेकांपुढे त्या दोन खुणांपैकी एखादी असेल. त्यानंतरही काही नावे राहतील. त्यांच्यासाठी आणखी वेगळा विचार करावा लागेल. परंतु बुद्धी कमी म्हणून जो हिशेब आपण मांडला होता, त्यातील केवढा भाग महिन्यांचा, परिस्थितीचा आणि आपल्या व्यवस्थेचा होता, हे त्या एका कागदावर स्पष्ट होईल. आणि ती यादी अधिकाऱ्यांपुढे व ग्रामसभेपुढे ठेवा. आपल्या मुलाच्या नावापुढे काय लिहिले आहे हे आईबापांना कळले की, अंगणवाडी केव्हा उघडते आणि तेथे काय शिकवितात, हे ते स्वतःच विचारू लागतील.

मूल कोणत्या महिन्यात जन्मले हे आपण बदलू शकत नाही. ते कोणाच्या घरी जन्मले हेही बदलू शकत नाही. तिसऱ्या वर्षापासून पहिलीच्या पहिल्या दिवसापर्यंत त्याला काय मिळाले, एवढेच समाजाच्या हाती असते. तेवढे जर आपण सर्वांना सारखे दिले, तर मूल साडेपाचाव्या वर्षी आले की सातव्या, हा प्रश्न आजच्याइतका महत्त्वाचा राहणार नाही.